हनुवटीपर्यंत

कौन्सिलच्या विषयपत्रिकेत एकेचाळिसाव्या पानावर माझी थाप छापून आली, फोटोसकट. मंगळवारची सकाळ होती, मी जूनी पॅस्कोच्या स्वयंपाकघरात चहात बिस्किट बुडवत बसलो होतो आणि जूनी मला ते कागद मोठ्यानं वाचून दाखवत होती, कारण माझा चष्मा घरी राहिला होता. चष्मा मी नेहमीच घरी ठेवतो. जूनी वाचायला लागली की तिचा आवाज शाळेतल्या बाईंसारखा होतो, आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी आपल्याला कुणीतरी काहीतरी वाचून दाखवावं एवढीच हौस उरते. “विषय अकरा, फेरी स्ट्रीटची पूररेषा,” ती वाचत होती. “विश्वसनीय ऐतिहासिक पुरावा, रिव्हरमन्स पबच्या व्हरांड्यातल्या खांबावरची पितळी पट्टी. मोठ्या पुराचं पाणी या पट्टीपर्यंत चढलं होतं.” माझं बिस्किट मोडून कपाच्या तळाशी गेलं.

“काय झालं रे?” जूनी म्हणाली.

“बिस्किट बुडालं.”

“मग तोंड असं काय केलंस, घरातलं माणूस बुडाल्यासारखं?”

मी थापाड्या आहे हे स्टॅनर्स फेरीत कुत्र्यामांजरांनाही ठाऊक आहे. चाळीस वर्षं कौन्सिलच्या रस्त्यांच्या टोळीत खड्डे बुजवले, गटारं उपसली, आणि दुपारी सावलीत डबे उघडले की टोळीला गोष्टी पुरवल्या. मी एकदा असा मासा ओढून काढला की नदी बोटभर उतरली. एका उन्हाळ्यात डांबर एवढं पातळ झालं की आमचा डोंगराकडचा रस्ता उतारानं वाहत शेजारच्या गावात गेला, आणि तो परत मिळावा म्हणून कौन्सिलला अर्ज करावा लागला. लोणकढी थापेचं एक बरं असतं, सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ती ठाऊक असते, आणि कुणाचं काही जात नाही. पण पट्टीची थाप मी तोंडानं कधी मारलीच नव्हती. ती मी वयाच्या एकविसाव्या वर्षी चार स्क्रू पिळून खांबावर बसवली होती. पितळेला काही डोळा मिचकावता येत नाही. छप्पन्न वर्षं ती तशीच गंभीर चेहऱ्यानं तिथे होती, आणि मी पबच्या व्हरांड्यात तिच्याकडे पाठ करून बसत होतो. लोक म्हणायचे अल्बीला दाराकडे तोंड करून बसायला आवडतं.

जूनी पुढे वाचत होती आणि मला ऐकू येणं बंद झालं होतं, तरी मला सगळं माहीतच होतं. फेरी स्ट्रीटवर तीन वर्षं दुसरा विषय नव्हता. तीन वर्षांपूर्वी नदी चढली, जूनीच्या घराच्या दुसऱ्या पायरीला चिखल लावून परत गेली, आणि तेव्हापासून कौन्सिलला झोप नाही. आता नवी रेषा ठरणार होती. ज्या घराची जमीन त्या रेषेच्या खाली, ते घर कौन्सिल विकत घेणार आणि पाडणार. नाहीतर मालकानं अर्ज भरून द्यायचा, मग ते उचलून उंच खांबांवर ठेवणार. अर्जाची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. जूनीचा अर्ज ओट्याच्या खणात कात्रीखाली कोरा पडून होता. तिला घर पाडायचं नव्हतं आणि उचलायचंही नव्हतं. तिच्या नवऱ्यानं, क्लेमनं, लावलेलं लिंबाचं झाड स्वयंपाकघराच्या खिडकीच्या अगदी समोर येतं, भांडी घासताना ती त्याच्याशी बोलते, आणि तिचं म्हणणं असं की बेचाळीस वर्षं ज्याच्या तोंडाकडे बघून बोलले त्याच्या टाळूकडे बघून बोलायचं का आता. शिवाय गुडघे. कौन्सिलची इंजिनियर तीन पायांचं यंत्र घेऊन आली होती आणि मोजून सांगून गेली होती की जूनीच्या घरातली जमीन पबच्या पट्टीपेक्षा तेवीस सेंटिमीटर खाली आहे. जूनीनं टेबलावर आपला पंजा ताणून ठेवला होता. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, बरोबर एक वीत.

“एवढ्यासाठी,” ती आत्ताही म्हणाली आणि पुन्हा तसाच पंजा ठेवला. “आणि तो खांब तरी काय, अल्ब? तुझ्या वडलांची बडबड ऐकून कुणीतरी पट्टी ठोकली असणार. व्हिकचं पाणी सगळ्या गावाला ठाऊक आहे. राग मानू नकोस.”

राग कसला मानतोय. मी तिच्या पंजाकडे बघत होतो. मी पट्टी खऱ्या खुणेपेक्षा हातभर वर लावली होती. हातभर म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे दोन विती. ती हातभर खाली आली तर जूनीची जमीन पुराच्या वर वीतभर कोरडी राहत होती, लिंबासकट. त्यासाठी मला फक्त उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते बोललो की माझे वडील सत्तर वर्षांनी पुन्हा एकदा, आणि या खेपेला इतिवृत्तात, खोटे पडणार होते.

वडील, व्हिक, लोण्याच्या कारखान्याच्या धक्क्यावर दुधाचे कॅन उचलत. पंचवीस वर्षं तेच, त्यामुळे खांद्यातून पुढे वाकलेले, चालताना जमिनीवर काहीतरी हरवल्यासारखे दिसत. बोलायला लागले की मात्र वेगळेच. मोठा पूर आला तेव्हा मी सात वर्षांचा होतो, आई आम्हाला घेऊन टेकडीवरच्या शाळेत गेली होती आणि वडील पबमालकाचा पियानो वाचवायला पबमध्ये राहिले होते. पियानो गेला. वडील व्हरांड्याच्या खांबाला पाठ लावून उभे राहिले, एका हातानं खांब धरला आणि दुसऱ्या हातात बिअरचा ग्लास डोक्याच्या वर, आणि पाणी हनुवटीपर्यंत. हनुवटीपर्यंत, व्हिक ट्रँटरची शपथ. मग एक गाय तरंगत आली, थांबली, ग्लासात तोंड घालून बिअर प्यायली आणि मान लववून पुढे गेली. गाय आली म्हणून सगळं गेलं. गाय नसती तर लोकांनी पाणी मानलं असतं. पण पबमध्ये गाय नसलेली गोष्ट कोण ऐकतो? पुढे वडील दारात दिसले की कुणीतरी विचारायचं, “व्हिक, आज पाणी कुठवर?” आणि दुसरा हात आडवा करून हनुवटीला लावायचा, मग नाकाला, मग कपाळाला, मग टाचा उंचावून टोपीच्या वर. वडीलही हसायचे. मी हसायचो. एका रविवारी सकाळी आईनं मला पाव आणायला पाठवलं तेव्हा पब बंद होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि वडील त्या खांबाला पाठ टेकून एकटेच उभे होते. एक हात मागे नेऊन मानेपाशी खांबावर बोटं फिरवत होते. पुराच्या दुसऱ्या दिवशी पोलीस सार्जंटनं तिथे चिखलाच्या रेषेवर चाकूनं चीर पाडली होती, ती रंगाखाली अजून लागत असणार. मी कोपऱ्यावरूनच परत फिरलो आणि पाव मिळाला नाही असं आईला सांगितलं. मला आठवतंय तशी माझी ती पहिली थाप.

कौन्सिलची सभा दुपारी दोनला पबच्या समोरच्या इमारतीत असते. मी जूनीच्या मागे दोन पावलं चालत गेलो. ती पाठ ताठ ठेवून चालत होती, हातात विषयपत्रिका गुंडाळून, माशी मारायला निघाल्यासारखी. आत गेल्यावर मी खिडकीपासची खुर्ची टाळली, तिथून खांब दिसतो. नगराध्यक्ष मर्ल कॉनरॉय कार्ड हातात धरून म्हणाली की आपण ज्यांच्या भूमीवर जमलो आहोत त्या मूळच्या लोकांना आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना आम्ही वंदन करतो. गोरे येण्याआधी ही जमीन ज्यांची होती त्यांच्यासाठी हे दर सभेला म्हणतात, सगळे पायांकडे बघतात आणि मग पार्किंगचा विषय निघतो. पण त्या दिवशी मी मान खाली घातली तेव्हा माझ्या मनात आलं की त्या लोकांनी फेरी स्ट्रीटवर कधी बिऱ्हाड केलं नव्हतं. माझ्या लहानपणी त्यांच्या म्हाताऱ्या टेकडीवरच राहत आणि आमच्या नदीकाठच्या नव्या घरांकडे बघून आपसांत काहीतरी बोलून खूप हसत. पाणी कुठवर येतं ते त्यांना पट्टीवाचून ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर आम्हाला ती थाप वाटली असती.

विषय अकरा निघाला तसे नगरसेवक केव्ह डार्गन उठले. पब त्यांचा. “माझा यात हितसंबंध आहे,” ते म्हणाले, “खांब माझा आहे,” आणि नियमाप्रमाणे बाहेर जाऊन दारालगतच्या व्हरांड्यात उभे राहिले. दार उघडंच होतं.

“आणि तो मी मागच्याच वर्षी रंगवलाय,” बाहेरून आवाज आला.

“केव्ह, तुम्ही बाहेर आहात,” मर्ल म्हणाली.

“बाहेरच आहे मी.”

नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात. मोजायला कोंबडीच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ आहे. मर्लनं कोंबडीचं डोकं पिळून ठेवलं, ती टिकटिकायला लागली आणि मी उभा राहिलो. मी आयुष्यात हजार माणसांपुढे मासे, डास, रस्ते उभे केले, कधी अडखळलो नाही. थाप सांगताना मी लोकांच्या डोळ्यांत बघतो, कुठे हसू फुटतंय ते बघत बघत पुढचं रचतो. आता मला कोंबडीच्या लाल तुऱ्याशिवाय कुठे बघवेना.

मी म्हणालो, “ती पट्टी खोटी आहे. मी लावली. गावाला शंभर वर्षं झाली तेव्हा कौन्सिलनं पितळी पट्टी करून घेतली, आणि मुकादमानं मला गिरमिट देऊन पाठवलं की सार्जंटची चीर शोध आणि तिथे बसव. मी चीर शोधली. तिच्यावर पहिलं भोकही पाडलं. मग पुट्टी भरून ते बुजवलं आणि पट्टी हातभर वर लावली. रेषा तेवढी खाली घ्या. बायकामाणसांची घरं जातायत.”

मग मागच्या रांगेत कुणीतरी फुसकन हसलं, आणि ते हसू पुढे पुढे आलं. मर्लनं तोंडावर कागद धरला. लहानपणी मी तिला रोलरवर बसवून फिरवलं आहे आणि हा रोलर समुद्राखालून चालत न्यूझीलंडला जाऊन आलाय असं सांगितलं आहे.

“अल्बी,” ती म्हणाली, “फार छान. पण आज बारा विषय आहेत.”

“मर्ल, मी खरं सांगतोय.”

“अध्यक्षबाई म्हणायचं, इथे.”

“अध्यक्षबाई, मी खरं सांगतोय.”

“रोलरच्या वेळी पण असंच म्हणाला होतात.”

“गाय पण आण म्हणावं,” बाहेरून डार्गन म्हणाले, आणि सगळी सभा मोकळी हसली. मी तिथे उभा होतो, दोन्ही हात पँटच्या शिवणीला लावून, आणि मला कळलं की हे तेच हसू आहे. हात आडवा, हनुवटी, नाक, कपाळ, टोपी. वडील त्यात कसे उभे राहत असतील ते मला सत्त्याहत्तराव्या वर्षी, आतल्या बाजूनं, समजलं. माणूस बोलतो ते खरं असतं आणि समोरची माणसं प्रेमानं हसतात, त्याला टाळ्या देतात, बिअर पाजतात. वाईट कुणीच नसतं.

“तो खरं बोलतोय.” जूनी बसल्या जागेवरूनच म्हणाली. “थाप मारताना हा डोळ्यांत बघतो. आत्ता बघा कुठे बघतोय.”

सगळ्यांनी कोंबडीकडे बघितलं.

हसली नव्हती अशी आणखी एकच बाई तिथे होती. थुई लॅम, कौन्सिलची इंजिनियर, तीन पायांच्या यंत्राची मालकीण. वय तिशीचं, गावात येऊन तीनच वर्षं झालेली, त्यामुळे तिला माझी एकही गोष्ट ठाऊक नव्हती. तिनं वहीतून मान वर केली. “मिस्टर ट्रँटर, हातभर वर म्हणालात ते कशानं मोजलंत?”

“हनुवटीनं.”

पुन्हा खसखस पिकली. तिनं ती संपू दिली. “कुणाच्या?”

“माझ्या. म्हणजे वडलांच्या. ते तीनच आठवड्यांपूर्वी गेले होते. त्यांचा कोट मी मयताला घातला तर बाह्या बरोबर बसल्या, आई म्हणाली तू त्यांच्याच मापाचा आहेस. म्हणून मी खांबाला पाठ लावून उभा राहिलो आणि माझ्या हनुवटीशी खूण केली.”

“का?” थुईनं विचारलं. टिंगल म्हणून नाही. पाऊस किती मिलिमीटर पडला असं विचारावं तसं.

याचं उत्तर तीन मिनिटांत बसणारं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये वडील शेवटच्या दिवसांत फार बोलत नव्हते, छातीत घरघर होती. एका दुपारी दोन नर्सा पलंग सारखा करत होत्या, चांगल्या हसऱ्या मुली, आणि वडलांनी डोळे उघडून मला विचारलं, “पाणी कुठवर होतं रे, अल्ब?” त्यांना माझ्याकडून काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. पण मी एकवीस वर्षांचा होतो आणि त्या दोघी बघत होत्या, म्हणून मी हात आडवा करून माझ्या पट्ट्याच्या बक्कलाला लावला. नर्सा हसल्या. वडीलही हसले, मग खोकला आला, मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर ते माझ्याशी पाणी मागण्याखेरीज काही बोलले नाहीत. सार्जंटची चीर जेव्हा माझ्या बोटाला लागली तेव्हा ती मला माझ्या छातीपाशी, शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी लागली, असं मला पक्कं आठवतं. छातीपर्यंत, आणि हे आयुष्यभर हनुवटीपर्यंत सांगत राहिले. मी भोक पाडलं, भोकाकडे बघितलं, आणि मला ते बक्कल आठवलं. मग मी पट्टी वर चढवली. माझ्या हातून त्यांना द्यायचं राहिलेलं उत्तर मी पितळेत देऊन टाकलं. यातलं काहीही मी त्या मुलीला सांगितलं नाही. “त्यांची इच्छा होती,” एवढंच म्हणालो, आणि कोंबडी किणकिणली.

“पहिलं भोक अजून असेल,” थुई म्हणाली. “पुट्टी काही लाकूड होत नाही. दहा मिनिटं लागतील.”

मर्लनं घड्याळाकडे बघितलं, जूनीकडे बघितलं. “स्थळपाहणीसाठी सभा दहा मिनिटं तहकूब,” ती म्हणाली. सगळे उठले. सहा नगरसेवक, चिटणीस, मागच्या रांगेतली म्हातारी माणसं, अशी वरात रस्ता ओलांडून निघाली. उसाचा ट्रक थांबला आणि ड्रायव्हरनं कोण गेलं म्हणून टोपी काढली. डार्गन सगळ्यांच्या पुढे पोचले होते आणि रंग खरवडायची पाती घेऊन उभे होते, कारण हितसंबंध असला तरी पाती त्यांचीच होती.

कित्येक वर्षांनी मी त्या खांबासमोर तोंड करून उभा राहिलो. पट्टी माझ्या नाकासमोर आली. ती हनुवटीशी असायला हवी होती. पाणी वर गेलेलं नव्हतं, मीच खाली आलो होतो. पितळ काळवंडलं होतं, आणि डाव्या बाजूचा वरचा स्क्रू तिरका बसला होता, तो मला ओळखीचा वाटला, आपलंच तरुणपणचं अक्षर कुठे सापडावं तसा. “इथे,” मी म्हणालो आणि पट्टीखाली हातभर अंतरावर बोट ठेवलं. डार्गननं पाती चालवली. मागच्या वर्षीचा पांढरा गेला, त्याखालचा पिवळट, मग हिरवा, मग त्यांच्या सासऱ्याच्या वेळचा तपकिरी, मग लाकूड. नुसतं लाकूड. “थोडं वर,” मी म्हणालो. वर तेच. जूनी माझ्या खांद्यामागे उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. आणखी वर. सालपटं माझ्या बुटांवर पडत होती आणि कुणीही हसत नव्हतं. वीतभर वर गेलो तरी काही नाही. मला वाटायला लागलं की कदाचित भोकही मी रचलं असेल. जी गोष्ट मी दुसऱ्या कुणाला कधीच सांगितली नव्हती ती मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली होती, आणि प्रत्येक वेळी कोण ऐकतंय ते न बघता सांगितली होती, मग तिला लगाम कुठून असणार? पातीचं टोक पट्टीच्या अगदी खाली आलं तेव्हा कुठे करकर वाजत काहीतरी उकरलं गेलं, चण्याएवढा पांढरा गोळा खाली पडला, आणि आत काळं गोल भोक. त्याच्या आरपार, आडवी, केसाएवढी बारीक, सार्जंटची चीर.

थुईनं टेप लावली. “आठ सेंटिमीटर,” ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून तिनं आपली बोटं जुळवून चीर आणि पट्टीचा मध्य यांच्यामध्ये ठेवली. चार बोटं.

हातभर नाही. चार बोटं. छप्पन्न वर्षं मी माझ्या वडलांचं खोटं वाढवत, पोसत आणलं होतं, ते छातीवर होतं, बटणाशी होतं, दिवस वाईट असले की पोटाशीही गेलं होतं, आणि ते होतं चार बोटं.

कुणीतरी मनातल्या मनात हिशेब केलाच असणार, पण बोलावं लागलं थुईला. ती जूनीकडे वळली. “मिसेस पॅस्को, रेषा आठ सेंटिमीटर खाली येईल. रेषेखालच्या अकरा घरांपैकी तीन सुटतील. तुमचं,” ती थांबली, “तुमची जमीन तेवीस खाली आहे.”

“म्हणजे पंधरा,” जूनी म्हणाली.

“हो.”

जूनीनं मान हलवली. तिचा पंजा अर्धवट उघडला आणि मिटला. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. मी माझं सगळं, माझं आणि माझ्या मेलेल्या बापाचं, चव्हाट्यावर मांडून तिच्यासाठी आणलं होतं काय, तर तीन घरं, त्यात तिचं नाही.

“अल्बी,” मर्ल म्हणाली, “आपलं काम अर्धवट राहिलंय. तूच चुकीची लावलीस, तूच नीट लाव.” ती अध्यक्षबाई म्हणून बोलत नव्हती. डार्गननं आतून स्क्रूड्रायव्हर आणला. तिरका स्क्रू सगळ्यांत शेवटी निघाला. मी पट्टी खाली घेतली, तिचा मध्य चिरेवर धरला, थुईनं एक टोक धरलं आणि जूनीनं दुसरं, आणि मी स्क्रू पिळले. एक तिरका बसला. मग जूनी दोन पावलं मागे सरली, डोकं एका अंगाला कलवून म्हणाली, “सरळ आहे का ते कळत नाही. उभा राहा बरं खांबाशी. पाठ लावून.”

मी वळलो आणि पाठ लावली. पितळ मानेला गार लागलं.

“ताठ उभा राहा.”

“हाच माझा ताठ.”

ती जवळ आली. तिनं हात आडवा केला, खांबावर पट्टीला टेकवला आणि तसाच पुढे आणला. तिच्या बोटांची कड माझ्या हनुवटीला लागली. बरोबर हनुवटीला, ना वर ना खाली. ती हसली नाही. तिनं हात तिथेच ठेवला आणि माझ्या खांद्यांकडे बघत राहिली, जे हल्ली पुढे येतात, ज्यांच्यामुळे मी रस्त्यानं काहीतरी हरवल्यासारखा चालतो असं ती मला अधूनमधून टोचते.

“व्हिक असाच उभा राहायचा,” जूनी म्हणाली. “अगदी असाच. मला आठवतोय. तू एकवीस वर्षांचा होतास, अल्ब. सळईसारखा होतास.”

कोटाच्या बाह्या बरोबर बसल्या होत्या. बाह्यांना पाठीतला बाक कळत नाही. मी माझ्या सरळ पाठीनं त्यांचं पाणी मोजलं होतं. ती चार बोटंही त्यांची नव्हती, ती माझी होती. मी खांबाला टेकून तसाच राहिलो, हात मागे गेला, आणि पट्टीच्या कडेबाहेर आलेलं सार्जंटच्या चिरेचं टोक माझ्या बोटाला लागलं, त्या रविवारी त्यांना लागलं असेल तसं. आपली हनुवटी खरी, हे त्यांना तेव्हाच कळलं असणार. खात्री करून घ्यायला आले होते. आणि तरीही नंतर लोकांबरोबर हसले.

“म्हणजे आलं होतं,” जूनी म्हणाली. आता ती नदीकडे बघत होती, पबच्या मागे, दुपारच्या उन्हात तपकिरी, गप्प पडलेल्या. “खरंच आलं होतं इथवर. मी समजत होते व्हिकची बडबड.” मग ती थुईकडे वळली. “पाच वाजेपर्यंत आहे ना तो अर्ज?”

“हो. मी थांबते ऑफिसात.”

“घर वर नेल्यावर पायऱ्या किती होतील?”

“चौदा.”

“मधे एक रुंद टप्पा करा, खुर्ची मावेल असा. मला नको, याला लागेल. चहाला रोज येतो आणि सहाव्या पायरीवर मरेल.” आणि अर्ज आणायला ती घराकडे निघाली, पाठ ताठ, विषयपत्रिका काखेत. लिंबाच्या टाळूबद्दल तिनं एक शब्दही काढला नाही. कोपऱ्यावर वळताना मात्र तिनं मान वर करून झाडांचे शेंडे बघितलेले मला दिसले.

मर्लनं टाळी वाजवली, तहकुबी संपली, आणि सगळे रस्ता ओलांडून परत गेले. डार्गन मागे राहिले, त्यांना आत जायची बंदीच होती. त्यांनी पाती पँटला पुसली, पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पाय जरा हलवले.

“अल्बी,” ते म्हणाले, “मग ती गाय?”

मी तोंड उघडलं. गाय माझ्या जिभेवर तयार होती, पांढऱ्या कपाळाची, मिशीला फेस लागलेली, मान लववून निघालेली. सत्तर वर्षं ती तयारच आहे. मी खांबाला पाठ लावून उभा होतो आणि पितळ आता गार लागत नव्हतं.

“गायीचं मला माहीत नाही,” मी म्हणालो. “मी नव्हतो तिथे.”